आत्याचा कान

मे महिन्यातला शुक्रवार, सकाळचे साडेसात, आणि मी बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात एका गोणपाटासमोर उकिडवा बसून एका कॅमेऱ्याला कान लावला होता. गोणपाटावर जुने नळ, पातं नसलेला टेबलफॅन, तीन रिमोट आणि दातांची एक कवळी असा माल मांडलेला. (कवळीचं गिऱ्हाईक कोण असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.) आमच्या दांडिया बाजारातले एक शेजारी भाजीची पिशवी घेऊन मागून चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "काय हो, ठोके लागतायत का?"

लागत नव्हते, तीच तर अडचण होती. कॅमेरा होता याशिका इलेक्ट्रो ३५. हे मॉडेल १९६६ साली निघालं. रोल पुढे सरकवायची दांडी ओढली की त्याच्या पोटातून 'टक्' असा एक आवाज यावा लागतो. आला तर आतली रबराची इवलीशी गादी शाबूत आहे. नाही आला तर ती विरघळली, आणि मग कॅमेरा उजेडाचा हिशोब स्वतःच्या मर्जीने करतो. मी दांडी चार वेळा ओढली. आवाज आला तो फक्त माझ्या गुडघ्यातून.

हे सगळं भाच्यामुळे. तो इथेच फाइन आर्ट्सला आहे. माझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत आणि त्यातले निम्मे पंख्याचे, चपलेचे आणि गॅसच्या बिलाचे आहेत, असं मी एकदा त्याच्यापाशी बोलून गेलो. त्याने ते मनावर घेतलं. "मामा, फिल्मवर ये. रेंजफाइंडर घे. छत्तीस फोटोंत माणूस सुधारतो."

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे त्याने मला सेव उसळ खाता खाता समजावलं, आणि तर्रीसकट ते माझ्या गळी उतरलं. या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचंच नसतं. वरच्या खिडकीतून बघायचं. बाजूच्या दुसऱ्या खिडकीतून आलेलं प्रतिबिंब मधोमध एका फिकट चौकोनात दिसतं. समोर एक माणूस असला तर त्या चौकोनात दोन दिसतात. भिंगाची कडी फिरवत न्यायची, की ते दोघे सरकत सरकत एकमेकांत मिसळतात. मिसळले की फोकस झाला. पुढे मी पहिल्यांदा आत्यावर कॅमेरा रोखला तेव्हा मला दोन आत्या दिसल्या आणि घाम फुटला. आमच्या घराला एकच पुरते.

"कुठला घेऊ?" मी विचारलं. "टिकाऊ पाहिजे आणि परवडला पाहिजे."

"मग लायका एम-३," तो म्हणाला. "१९५४ चा आहे, अजून तुझ्यापेक्षा धडधाकट." किंमत ऐकून मी उसळीत पाव बुडवायचा विसरलो. त्या पैशात आमच्या वाड्याची गळती थांबली असती आणि वर कौलं उरली असती. तेव्हा टिकाऊचं जमलं, परवडणारं राहिलं.

दुसऱ्या शुक्रवारी मात्र प्रत्यक्ष लायकाच समोर आला, तोही सोन्याचा. पिवळाधमक, अंगाला सापाच्या कातड्यासारखं काहीतरी चिकटवलेलं, आणि डोक्यावर जर्मन हवाई दलाची खूण कोरलेली. विकणाऱ्याने तो उदबत्ती ओवाळावी तसा माझ्यापुढे फिरवला. "साहेब, ऊपर साथियो पण छे. बहु शुकनवाळो केमेरो छे!" गुजरातीत साथियो म्हणजे आपलं स्वस्तिक. हिटलरच्या चिन्हाकडे बघून कुणाला सत्यनारायण आठवू शकतो, हे त्या दिवशी कळलं. भाच्याला फोटो पाठवला, तर पलीकडून नुसता हसण्याचा आवाज. म्हणे हे सगळे सोव्हिएत बनावटीचे झोर्की आणि फेड कॅमेरे, वरून मुलामा दिलेले. जगभरच्या जुन्या बाजारांत असे पडलेत.

या फेडची गोष्ट मला फार आवडली. खारकीवला अनाथ मुलांसाठी एक वसाहत होती. तिथल्या मुलांनी १९३४ पासून लायकाची नक्कल बनवायला घेतली आणि कॅमेऱ्याला नाव दिलं फेलिक्स एडमुंडोविच झेरझिन्स्की या साहेबांच्या आद्याक्षरांचं. हे साहेब गुप्त पोलिसांचे संस्थापक. म्हणजे हा कॅमेरा तुमच्याकडे बघतो तेव्हा खरोखर बघतो. स्वस्त आहे, लोखंडासारखा आहे. पण त्याच्या शटरच्या पडद्याचं कापड जुनं होऊन त्याला भोकं पडतात, आणि झोर्कीचा तर एक कडक नियम आहे: आधी दांडी ओढायची, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं तर आतलं यंत्र दुखावतं. आमच्या घरी आधी पाय धुवायचे मग आत यायचं, आधी नैवेद्य मग चहा, आधी गिझर बंद मग नळ, असे इतके नियम आहेत की आणखी एक सांभाळणं मला झेपलं नसतं.

शेवटी कॅमेरा मिळाला तो बाजारात नव्हे, रावपुऱ्याच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांच्या कपाटात धूळ खात पडलेला मिनोल्टा हाय-मॅटिक ७ एस. भाच्याने फोनवर नाव ऐकताच आरोळी ठोकली. अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन १९६२ साली पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला, तेव्हा त्याच्यासोबत याच घराण्यातला कॅमेरा होता, आणि तो त्याने चाळीस डॉलरला औषधाच्या दुकानातून घेतला होता. "अंतराळात टिकला मामा, दांडिया बाजारात का नाही टिकणार?" अंतराळात आमच्यासारखा दमट पावसाळा नसतो, हे त्याला कोण सांगणार.

काकांनी तो रीतसर दाखवला. मागचं दार उघडलं, शटर उघडं धरलं आणि पलीकडून टॉर्च मारला. भिंगाच्या कडेला बुरशीचा एक धागा होता, कोळ्याने सुरुवात करून कंटाळून सोडून दिल्यासारखा. "एवढं चालतं," काका म्हणाले. "बडोद्याची हवा पापडाला सोडत नाही, काचेला काय सोडेल?" उजेड आत शिरू नये म्हणून दाराच्या खाचेत जो स्पंज असतो, त्याचं पन्नास-साठ वर्षांत डांबर झालं होतं. मी कुतूहलाने बोट घातलं. ते बोट मग शर्टाला, शर्ट रिक्षाच्या सीटला, असं ते प्रकरण बरेच दिवस चाललं. पुढे त्या खाचेत हिची काळी लोकर बसली. तेव्हापासून तिच्या दिराच्या स्वेटरला एक बाही आखूड आहे.

काका मग स्वतःच्या आठवणींत गेले. "क्लिक थ्री आठवतो? आगफाचा? इथे बडोद्यात बनायचा तो. पोरंसोरं पण वापरायची. त्यात बिघडायला काही नव्हतंच." खरंच, आमचं गाव या बाबतीत काही लहान नाही. होमाई व्यारावाला पुढे इथे राहायला आल्या आणि शेवटपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, इथेच होत्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, पद्मविभूषण. पण कॅमेरा त्यांनी १९७० मध्येच खाली ठेवला होता, इथे त्यांनी झाडं वाढवली. जिथे त्यांनी थांबणं पसंत केलं तिथे मी सुरुवात करत होतो, तीही घासाघीस करत.

घासाघीस मी करत नव्हतो म्हणा. ती हिने केली. तोवर ती दुकानाच्या पायरीवर खंडेराव मार्केटातून घेतलेला दुधी मांडीवर ठेवून गप्प बसली होती. काकांनी चार हजार सांगितले. ही उठली, दुधीला नख लावून बघते तसा तिने कॅमेऱ्याला अंगठा लावला, हातात तोलला आणि म्हणाली, "झाकण कुठाय?"

"झाकण हरवलंय, ताई."

"झाकणाशिवाय साधा डबा कोणी घेत नाही, काका. आणि हा तर उघडा पडलेला."

भिंगाचा व्यास, शटरचा वेग, प्रतिमेची धार यांवर काका तासभर बोलले असते, पण झाकणावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. बावीसशेला सौदा झाला. आणि झाकण नाही याचा फायदाच होतो, हे भाच्याने नंतर सांगितलं. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून बघत नसल्यामुळे झाकण तसंच राहिलं तरी कळत नाही. लोक अख्खी लग्नं काळी काढून आणतात.

आता राहिला सेल. त्या काळी या कॅमेऱ्यात पाऱ्याचा सेल जायचा, १.३५ व्होल्टचा. तो आता बनत नाही. साधा दीड व्होल्टचा घातला तर उजेड मोजणारा काटा चुकीचं सांगतो. काका म्हणाले, "सेल लागतोच कशाला? शटर सगळं यंत्रावर आहे. उन्हात सोळा." म्हणजे लख्ख उन्हात, दोनशे नंबरची फिल्म असेल तर शटरचा वेग अडीचशेवर (सेकंदाचा अडीचशेवा भाग), भिंगाचं छिद्र सोळावर, आणि खुशाल दाबायचं. पण बावीसशे रुपये मोजलेत तर काटा हलला पाहिजे, असं माझ्यातला कारकून म्हणत होता.

"मग कानातला घ्या," काका म्हणाले.

कानाच्या मशीनमध्ये जो सेल असतो, निळ्या पट्टीचा, सहाशे पंचाहत्तर नंबरचा, तो बरोबर १.४ व्होल्टचा असतो. अंगाने थोडा बारीक. नळाच्या रबरी वॉशरमध्ये बसवला की जागेवर राहतो. पट्टी काढली की तो हवा घेऊन जागा होतो, आणि एकदा जागा झाला की वापरा अगर नका वापरू, काही आठवड्यांत संपतो. आणि आमच्या घरात नेमका त्याच नंबरचा सेल एका व्यक्तीच्या कानात होता.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या कपाटात सेलची सहाची पट्टी असते आणि ती दर गुरुवारी मोजते. पहिला सेल गेला तेव्हा तिने मोलकरणीकडे बघितलं. दुसरा गेला तेव्हा मांजराकडे. तिसऱ्याला तिने मला हाक मारली. "बाळ्या, तुला कमी ऐकू यायला लागलंय का?"

मी सगळं कबूल केलं. कॅमेरा दाखवला, वॉशर दाखवला. तिने वॉशर उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "हा मोरीतल्या नळाचा ना? तरीच गळतोय."

मग आला रविवार. संध्याकाळी आत्या ओट्यावर बसली होती, मागे वाड्याचं जुनं सागवानी दार, तोंडावर पडणारा मऊ उजेड. 'उन्हात सोळा'चा तिथे काही उपयोग नव्हता. काटाच पाहिजे. माझा सेल मेलेला, कपाटातली पट्टी संपलेली, आमच्या गल्लीतलं औषधाचं दुकान रविवारचं बंद. मी नुसता कॅमेरा घेऊन उभा राहिलो. तिच्या लगेच लक्षात आलं. मशीन काढलं, नखाने सेल बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घे. छान काढ. वर लावायला होईल."

"असं काय बोलतेस," मी म्हणालो, पण तिला कुठे ऐकू येत होतं?

सेल वॉशरमध्ये, वॉशर कॅमेऱ्यात. काटा उठला. मी चौकोनात बघितलं. दोन आत्या, पैकी एक बोलत होती. कडी फिरवली, दोघी बोलायला लागल्या. "आत्या, जरा गप्प," मी म्हणालो. ती बोलतच राहिली, मी खाणाखुणा केल्या, तिला वाटलं चहा मागतोय. तिने आत वळून हिला चहा टाकायला सांगितलं आणि नाक खिडकीबाहेर गेलं. मी हाताने 'इकडे' केलं, ती उठून इकडे यायला लागली. मी तिला परत बसवली. ओठांवर बोट ठेवलं. तिने पण ठेवलं. तेवढ्यात दोन आत्यांची एक झाली, आणि मी दाबलं. या कॅमेऱ्याचं शटर इतकं हळू वाजतं की वाजलं की नाही, हे मलाही नीट कळलं नाही.

आत्या तशीच ओठांवर बोट ठेवून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने ते काढलं आणि तळहात पुढे केला.

"झालं असेल तर माझा कान दे."