नाममात्र नको, सभासद करा

मागच्या ऑगस्टमध्ये लातूरच्या एका मुलाला मी इथल्या, अमेरिकेतल्या ईस्ट लान्सिंगच्या, क्रेडिट युनियनमध्ये म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या संस्थेत घेऊन गेले. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तो नुकताच आला होता. पासपोर्ट आणि आय-ट्वेंटीची, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशपत्राची, फाईल छातीशी घट्ट धरलेली. काउंटरवरची मुलगी त्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला शिकणारी. तिनं पाच डॉलर घेतले, खातं उघडलं आणि सांगितलं, तू आता सभासद झालास, संचालक निवडताना तुलाही एक मत आहे. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काकू, बाबा गावच्या पतसंस्थेत इतकी वर्षं कर्जदार आहेत, पण नाममात्र सभासद. त्यांना मत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या कॉलेजांतल्या पतसंस्थांनी विद्यार्थ्यांनाही मत असलेले पूर्ण सभासद करून घ्यावं, असं मला वाटतं ते त्यामुळेच.

ईस्ट लान्सिंगची ही क्रेडिट युनियन १९३७ साली विद्यापीठाच्या नोकरदारांसाठी निघाली. म्हणजे आपल्या पगारदारांच्या पतसंस्थेसारखीच. पुढे तिनं विद्यार्थ्यांनाही आत घेतलं. गाव सोडलं, नोकरी लागली, तरी सभासदत्व टिकतं. पहिल्या गाडीचं कर्ज काढायला मुलं तिथंच येतात. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात तर एक क्रेडिट युनियन संपूर्णपणे विद्यार्थीच चालवतात.

इथंही सगळं आलबेल नाही. एकेकाळी क्रेडिट कार्डवाल्या कंपन्या कॅम्पसमध्ये टेबलं मांडून टी-शर्टच्या बदल्यात अर्ज भरून घ्यायच्या. २००९ च्या कायद्यानं त्या भेटवस्तू बंद केल्या. एखाद्या वित्तसंस्थेनं नुसतं खेळाच्या मैदानावर आपलं नाव झळकवून मुलांशी नातं जुळतं, असं मला अजिबात वाटत नाही. नातं जुळतं ते काउंटरवर आपल्याच वर्गातली मुलगी बसलेली असते तेव्हा.

आपल्याकडे सध्या वाद आहे तो ठेवींच्या सुरक्षेचा. तो रास्तच आहे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही; इथं क्रेडिट युनियनमध्ये अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं. मराठवाड्यात मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्था बुडाल्या तेव्हा लोकांचे काय हाल झाले, ते मी फोनवर ऐकलंय. पण विम्याबरोबर राखणही लागते, आणि राखण करतो तो मत असलेला, अहवाल वाचणारा सभासद. तो कुठं घडवायचा? कॉलेजात. प्रवरानगरसारख्या ठिकाणी साखर कारखान्यांच्या सहकारातून कॉलेजं उभी राहिली. त्या कॉलेजांतली मुलं मात्र अडीनडीला मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात.

मुलांना पगार नाही, मग हप्ता कापायचा कशातून, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून सुरुवात कर्जानं करूच नये. अठरा पूर्ण झालेल्याला एक भाग (शेअर), एक मत आणि बचत खातं द्या. दोन मुलांना मानधन देऊन काउंटरवर बसवा. वार्षिक सभा कॉलेजच्या सभागृहात घ्या.

हे परकं मुळीच नाही. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलिन १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले, खेड्यांतलं सहकारी कर्जाचं काम पाहून भारावले आणि अमेरिकेत क्रेडिट युनियनच्या कायद्यांमागे उभे राहिले.

माझा धाकटा भाऊ कॉलेज सेवकांच्या पतसंस्थेत संचालक आहे. विद्यार्थ्यांना पूर्ण सभासद करून घेण्यासाठी उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, दुरुस्त करण्याचा ठराव तो सप्टेंबरच्या सभेत मांडणार आहे. गेले तीन रविवार आम्ही दोघं फोनवर त्याचा मसुदा लिहितोय. "नाममात्र" हा शब्द त्यात कुठंही ठेवलेला नाही.