ज्वारीत सोंडे निघाल्याबद्दल: दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की नौपाड्यातल्या आमच्या दुकानातून नेलेल्या दहा किलो मालदांडी ज्वारीत तीन आठवड्यांत सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, झाले, माल जुना होता, दाणा बारीक असून भाव वाढवला, आणि विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘यंदा शेतातच कीड होती’ म्हणून वाटेला लावलं.

सोंड्यांचा दोष माझा. मुलाने चुकीचं सांगितलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या पिशवीतला सोंडा गोदामातला. मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी आतच वाढते, वरून दाणा टपोरा दिसतो. पावसाळ्याच्या दमट हवेत महिनाभरात किडा भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे तुम्ही पिशवी नेलीत तेव्हाच ती आतून लागलेली होती. ज्या पोत्यातून तुम्हाला माल दिला ते ओल आलेल्या भिंतीला टेकून होतं, मी जाऊन पाहिलं. त्या थप्पीतला सगळा माल विक्रीतून काढलाय.

बारीक दाण्याचं मात्र वेगळं आहे. माल जुना नाही, याच मार्चमध्ये मंगळवेढ्याहून भरलाय. जानेवारीत मी माल देणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात गेलो होतो. आठवडाभर ढगाळ हवा, आणि चिकटा, म्हणजे मावा किडीने सोडलेला चिकट रस, पडलेला. पान उलटलं की खाली पिवळसर मावा गच्च, वर गुळाचं पाणी शिंपडल्यासारखी चकाकी. पिकाच्या चार ओळी चाललो तर पँट पायाला चिकटायला लागली. मावा रस शोषतो, मग कणसात दाणा भरत नाही. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढली की कडब्याला जनावरंही तोंड लावत नाहीत. शेजारच्या उशिरा पेरलेल्या तुकड्यात तर ताटंच विरळ. रोपं लहान असतानाच खोडमाशीने पोंगे, म्हणजे मधले कोवळे कोंब, मारलेले. माल देणाऱ्या त्या शेतकऱ्याचा दाणाही गेला आणि कडबाही. त्याच्याशी भावात घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून दर वाढला. पण दाणा यंदा बारीक आहे हे तुम्हाला विकतानाच सांगायला हवं होतं. आता तशी पाटी लावली आहे.

पिशवी परत आणा, किंवा फोन करा, मुलगा घरी येऊन नेईल. थोडी दळून झाली असली तरी पूर्ण दहा किलोचे पैसे मिळतील. तोवर ती तांदळाच्या डब्याजवळ ठेवू नका, सोंडे तिकडे सरकतात.