नॉन-ड्रिंकर्स : १ मोठी बाटली (कुठलीही)

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून इथे लिहितोय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि ३१ ला ज्याच्या टेरेसवर जमायचंय तो माझा शाळेपासूनचा दोस्त आहे, उगाच वर्षाच्या शेवटी वाकडं नको.

तर झालं असं की ३१ डिसेंबरची यादी आली. बेळगावात अनगोळला टेरेस, पोरंटोरं धरून एकवीस माणसं. आणि व्हिस्कीवर चाळीस मेसेज. चाळीस! मी मोजले, कारण मला आता दुसरं काम नाही. कुठली आणायची, बारा वर्षांची की पंधरा, सोडा कुठला, बर्फ कुणाकडे. एक जण पणजीहून चोर्ला घाटामार्गे येणार आहे तर त्याने डिकीत काय काय लपवायचं आणि कणकुंबीच्या चेकपोस्टला चेहरा कसा ठेवायचा यावर तर युद्धाची आखणी झाली (बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असतंय बाबांनो, ती नक्षी नव्हे). एका शहाण्याने लिहिलं, हुर्राक आण रे फ्रेश. डिसेंबरात हुर्राक! अरे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू ती, बोंडं पिकल्याशिवाय हुर्राक कुठली, मार्च उजाडू दे की. आणि मग सगळ्यात शेवटी, मटण-चपाती-भाताच्या खाली, पेपर नॅपकिनच्या वर, ही ओळ: नॉन-ड्रिंकर्स, एक मोठी बाटली, कंसात कुठलीही.

कुठलीही.

म्हणजे व्हिस्कीला चाळीस मेसेज आणि आम्हाला कंस.

आणि नॉन-ड्रिंकर्स म्हणजे कोण ते पण मोजलं मी. पाच पोरं, तीन वहिनी (बाकीच्या दोघी घेतात, आनंद आहे), एक जण ज्याला रात्रीच निपाणीला गाडी चालवत जायचंय, ज्याचं घर त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, आणि यंदा मी. झाले अकरा. एकवीसपैकी अकरा! मायनॉरिटी तुम्ही आहात बे.

हां, माझं सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये कोणीतरी सांगणारच. मागची वीस वर्षं त्या चाळीसातले दहा मेसेज माझेच असायचे. ऑगस्टमध्ये कावीळ झाली, डॉक्टरांनी सहा महिने वास पण घ्यायचा नाही म्हणून दम दिलाय. त्यामुळे मी काही संत नाही, फेब्रुवारीनंतरचं मी लिहून देत नाही. पण दिवाळीनंतरच्या एका पार्टीत पहिल्यांदा या बाजूला बसलो, आणि काय सांगू. प्लॅस्टिकचा ग्लास, त्यात गॅस गेलेलं कोमट नारंगी पाणी, आणि तीन तास. तीन तास तोच एक ग्लास धरून हसायचं. आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी येऊन खांद्यावर हात टाकणार, "घे की रे एक, एकाने काय होतंय." होतंय रे, लिव्हरला होतंय.

तेव्हापासून मला ती बाटली आठवायला लागलीय.

आमचे बाबा कधी प्यायले नाहीत. पण बेळगावात राहून, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथे असताना, घरात कॅन्टीनच्या रमची रिकामी बाटली नाही असं घर दाखवा. आमच्याकडे एकीत फिनेल, एकीत काकवी, एकीत मनी प्लांट, आणि सगळ्यात चांगली जी असेल, बूच घट्ट बसणारी, तिच्यात कोकम सरबत. आजी जांबोटीकडची. मे महिन्यात पाऊस यायच्या आत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, उतरवायची, फोडून बिया काढायच्या, सालाच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थरावर थर लावायचे, आणि बरणीला फडकं बांधून आठ दिवस उन्हात. खाली जे लालभडक सुटतं ते गाळून बाटलीत. त्यातली एक बाटली बाबा डिसेंबरपर्यंत जपून ठेवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, कारण ती कॅम्पातल्या अंकलकडे जायची. ऑफिसातले मित्र. दर नाताळला त्यांच्याकडून आम्हाला नेवऱ्या आणि केक, आमच्याकडून ही बाटली. अंकल घ्यायचे, घरचीच द्राक्षाची वाइन असायची त्यांच्याकडे. अंकलना सरबताची काय गरज, असं मला तेव्हा वाटायचं.

असो, परत यादीकडे येतो.

मान्य आहे, ज्याला जे पाहिजे ते त्याने आणावं, सोपा नियम आहे. मग चखणा पण आपापला आणा की! पाहुणा म्हणून बोलावलंय की डबा पार्टी आहे? आणि कुठल्या गावात बसून हे करताय बघा. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते पण आपल्या बेळगावात, हे आपण बाहेरच्या प्रत्येक माणसाला छाती फुगवून सांगतो. तेव्हा आलेल्या माणसांना प्यायला पाणी कमी पडू नये म्हणून या गावाने विहीर खोदली. विहीर! अजून आहे काँग्रेस रोडला, रोज तिच्यासमोरून जाता. आणि शंभर वर्षांनी आपण अकरा माणसांत एक बाटली. कुठलीही.

त्याच रस्त्याने मी ती बाटली घेऊन गेलो होतो. १९९९ चा नाताळ. बाबांना ताप होता, मला म्हणाले तू जाऊन ये, "आंटीला दे. एकास पाच पाणी म्हणून सांग, नाहीतर कडक होतंय." मी बावीस वर्षांचा, नवीन नोकरी, नवीन शर्ट, आणि हातात रमची बाटली, लेबल अर्धवट खरवडलेलं, आत लाल सरबत, बुचाला प्लॅस्टिक पिशवी आणि रबरबँड. रेल्वेचं पहिलं गेट पडलेलं होतं. स्कूटर बंद करून थांबलो आणि तिथे उभ्या उभ्या मला लाज वाटायला लागली. ट्रेन येईपर्यंत ठरवलं. पुढे दुकानातून एक वाइनची बाटली घेतली, पहिल्या पगाराच्या मानाने महागच, रंगीत कागदात गुंडाळून घेतली, आणि बाबांची बाटली स्कूटरच्या पुढच्या डिकीत कोंबली.

ही गोष्ट मी आजपर्यंत बायकोलाही सांगितली नव्हती.

थांबा, आधी एक राग काढतो. दरवर्षी फेणी घेऊन येणारे आमचे एक भावोजी आहेत, आले की लेक्चर सुरू, फेणीला २००९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, ही आपल्या मातीतली, हिला देशी म्हणून हिणवू नका. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर, टाळ्या. पण भावोजी, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला पण जीआय आहे हो. त्याच मातीतलं आहे. त्याला का पोरांच्या वाढदिवसाची पायरी? आणि निपाणीला जाणाऱ्याला "थोडीशी घे" म्हणणारे पण तुम्हीच असता. शंभर मिलीलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस आहे. पण केस जाऊ दे, त्याला दोन लहान पोरी आहेत.

चिडलो की मी असाच भरकटतो. जेवून आलो, जरा शांत आहे आता.

डिसेंबरच्या थंडीत गार कोकम कोण पिणार, हे कोणीतरी म्हणणारच आणि ते चूक पण नाही. बेळगावची थंडी आहे, टेरेसवर तर कुडकुडतंय. मग कषाय करा की. आपल्या अर्ध्या मित्रांच्या घरी कन्नड आया-आजींनी केलेली पावडर असतेच, धने, जिरं, मिरी, सुंठ, भाजून कुटलेली. गूळ आणि दूध घालून उकळायचं, मोठ्या थर्मासमध्ये भरून आणायचं. व्हिस्कीच्या एका बाटलीच्या पैशात आख्खी गल्ली पिईल. फक्त कोणीतरी आधी विचार करायला पाहिजे, एवढंच. चाळीस मेसेज नको, चार चालतील.

आणि मावशींचं काय. दरवर्षी बाराला ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेल्या असतात, हातात तो प्लॅस्टिकचा ग्लास. आम्ही वीस वर्षं त्यांच्या पाया पडून हॅपी न्यू इयर म्हणतोय, आणि त्या ग्लासात काय आहे हे एकदाही बघितलं नाही. मी पण नाही.

कॅम्पात त्या दिवशी मी वाइन दिली. अंकलनी कागद काढला, अरे वा म्हणाले, कपाटात ठेवली. आणि आतून आंटी आल्या ट्रे घेऊन. ट्रेमध्ये सहा काचेचे ग्लास, पुसून चकचकीत केलेले, एक लांब चमचा, एका वाटीत मीठ, एका वाटीत जिऱ्याची पूड. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाल्या, "बाबांची लाल बाटली नाय आली यंदा?" आंटी घ्यायच्या नाहीत. त्यांच्या बहिणी पण नाहीत. मी म्हटलं, यंदा केलंच नाही आंटी. त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत, मग ट्रे आत घेऊन गेल्या.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, आवडलं का आंटीला. म्हटलं हो, लगेच संपलं.

बाटली डिकीतच फुटली होती, गेटाच्या रुळांवर आदळली असेल. महिनाभर स्कूटरला मुंग्या होत्या. बाबांनी एकदा डिकी उघडली होती, कापड घेऊन पुसून ठेवली, मला एक शब्द बोलले नाहीत. स्कूटर केव्हाच विकली, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्या आरसी बुकाची एक झेरॉक्स डिकीत असायची, ती अजून माझ्या फाईलमध्ये आहे, कोपरे गुलाबी.

तर यादी बनवणाऱ्या माझ्या दोस्ता, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. ती कंसातली ओळ खोड. जांबोटीच्या चुलतभावाला फोन केलाय, मे मधल्या दोन बाटल्या आहेत त्याच्याकडे, शनिवारी घेऊन येतो. कषायचा थर्मास पण माझ्याकडे लागला. तू फक्त काचेचे ग्लास काढून ठेव, अकरा. आणि मीठ-जिरं.