पाय कानाला लागला, पुढे काय?

बॅलेची कुठलीही क्लिप लावा, चर्चा तीच: गिरक्या किती मारल्या, पाय किती वर गेला. डोकं उठतं अगदी! 'स्वान लेक' या बॅलेत 1895 साली इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानीनं सलग 32 फुएते, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या झटक्यानं घेतलेल्या गिरक्या, मारले, तेव्हापासून लोक मोजतच बसलेत. अहो, त्या गिरक्या मारणारी ओडील ही मांत्रिकाची मुलगी, ती राजपुत्राला भुरळ घालतेय, फसवतेय! तिच्या नजरेकडे कोण बघणार?

1956 मध्ये लंडनला रशियन नर्तकी गालिना उलानोव्हा वयाच्या 46 व्या वर्षी ज्युलिएट नाचली. खांद्यावरचा झगा उडवत ती रंगमंचावरून नुसती धावते, आणि घाबरलेली, तरी हट्टाला पेटलेली पोर डोळ्यांसमोर उभी राहते. बस्स, एवढंच!

आजच्या मुलींची शरीरं जास्त तयार आहेत, मान्य. फ्रेंच नर्तकी सिल्वी गिलेमनंही पाय कानापर्यंत नेला, पण तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं. मागून आलेल्यांनी नेमका पायच उचलला. 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकात नायिका मेलेली आहे हो, धुक्यासारखी तरंगायला हवी. तिथे पाय सहा वाजलेल्या घड्याळाच्या काट्यांसारखा सरळ उभा ताणून कसरत कशाला? आणि त्या पायासाठी वाद्यवृंदानं लय रेंगाळत ठेवायची, हे तर अगदीच असह्य!