'कॅमेरा तर दीडशे ग्रॅमचा': टँडम शूटिंगच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात ठाणे-नवी मुंबईतल्या व्हिडिओग्राफरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. (टँडम म्हणजे इन्स्ट्रक्टर आणि प्रवासी एकाच हार्नेसमध्ये बांधून मारलेली उडी.) त्याचा गाभा असा: "दुबई-पटायाला टँडम स्कायडाइव्हच्या व्हिडिओचे वेगळे पैसे घेतात, ही लूट आहे. कॅमेरा तर दीडशे ग्रॅमचा. पंचवीस उड्यांत ए लायसन्स मिळतं. लग्नं शूट करणाऱ्यांनी ते काढावं आणि हे काम सुरू करावं. दोनशे उड्यांची अट म्हणजे जुन्या लोकांनी आपलं दुकान चालावं म्हणून पुढे केलेली सबब. तो नियम नाहीच, नुसती शिफारस आहे."

मी वाशीत राहते, पंधरा वर्षं लग्नं आणि इव्हेंट शूट करते. उड्या 400 च्या वर झाल्यात, त्यातल्या अलीकडच्या काही टँडमच्या शेजारी कॅमेरा घेऊन. आपल्याच धंद्यातली तरुण मुलं हा मेसेज वाचून पैशांची जुळवाजुळव करायला लागलीत, म्हणून उत्तर द्यायला बसले.

मेसेजमध्ये जे खरं आहे ते आधी मान्य करते. व्हिडिओ पॅकेज महाग असतं. यूएसपीए या अमेरिकन संघटनेचं ए लायसन्स 25 उड्यांवर मिळतं, बी 50 वर, सी 200 वर आणि डी 500 वर. आणि कॅमेरा लावण्याआधी सी लायसन्स आणि 200 उड्या हव्यात, ही तिथे खरोखरच शिफारस आहे.

पण शिफारस आहे म्हणून ती सोडून देता येते, हे चूक. विमानात कोणाला चढवायचं ते ड्रॉपझोन, म्हणजे उड्या चालवणारं केंद्र, ठरवतो, आणि कित्येक ठिकाणी याहून कडक अट असते. शिवाय मेसेजवाल्याने पुढचं वाचलेलंच दिसत नाही. 200 चा आकडा आहे तो अनुभवी मित्रांबरोबर उडताना साधा कॅमेरा लावण्यासाठी. ज्या पॅराशूटवर शूट करणार, त्याच पॅराशूटवर 50 उड्या झालेल्या असाव्यात, हे त्याच्या जोडीला. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर यांच्या शेजारी कॅमेरा घेऊन जायचं तर शिफारस आहे इतरांसोबतच्या 300 फ्रीफॉल (पॅराशूट उघडण्याआधी मोकळं पडण्याच्या) उड्यांची, आणि अनुभवी लोकांना शूट केलेल्या किमान 50 कॅमेरा उड्यांची. म्हणजे मेसेज ज्या आकड्यावर चिडलाय, तो टँडमच्या शूटिंगचा आकडाच नाही.

आता दीडशे ग्रॅम. वजन हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे अडकण्याचा. पॅराशूट उघडताना डोक्यावरून आणि खांद्यांमागून दोऱ्या सपासप बाहेर पडतात. शरीर जरा तिरकं असेल किंवा पॅराशूट वेडंवाकडं उघडलं, तर त्यातली एखादी दोरी हेल्मेटवर घासत जाते आणि कॅमेऱ्याच्या खाली, स्क्रूमागे, माउंटच्या फटीत अडकते. आपण मांजा बघितलाय. पतंग कटली की तो वायरवर, फांदीवर, बाल्कनीच्या खिळ्यावर कुठेही गुंततो, आणि ओढला की आणखी घट्ट बसतो. तसंच हे, फक्त दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुमची मान असते.

गेल्या महिन्यात ऐरोलीचा एक मुलगा त्याचं नवीन हेल्मेट दाखवायला घरी आला होता. स्टिकरचा माउंट, वर कॅमेरा, दिसायला नेटकं. मी शिलाईच्या डब्यातला जाड दोरा काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि हेल्मेटवरून मागून पुढे, मग डावीकडून उजवीकडे फिरवला. तिसऱ्याच वेळी दोरा कॅमेऱ्याच्या बिजागरीत शिरला. मी ओढला तर हेल्मेट टेबलावरून उचललं गेलं, दोरा काही सुटला नाही. तो बराच वेळ त्या बिजागरीकडे बघत राहिला. म्हणूनच कॅमेरा हेल्मेटला एका हाताने झटक्यात सुटणारा पट्टा लागतो. आणि तो पट्टा कधी सोडायचा, आधी मेन पॅराशूट तोडायचं (म्हणजे मुख्य पॅराशूट अंगावेगळं करायचं) की आधी हेल्मेट टाकायचं, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. पंचविसाव्या उडीला माणूस अजून सरळ पडायला शिकत असतो. त्याला हा निर्णय घ्यायला लावू नये.

दुसरी गोष्ट लक्षाची. आपण लग्नात सप्तपदी शूट करतो तेव्हा मागे कोण ढकलतंय ते कळतसुद्धा नाही. हीच एकाग्रता जमिनीवर आपलं पोट भरते आणि वर घात करते. माझी पहिली कॅमेरा उडी 212 वी होती. समोर एक मैत्रीण, मागे ढग, फ्रेम सुंदर. कानातला अल्टिमीटर, म्हणजे उंची सांगणारं यंत्र, 4500 फुटांना वाजला, मी तो ऐकला, आणि तरी मनगटाकडे बघितलं तेव्हा काटा 3300 वर होता. दोनशे उड्यांची सवय होती म्हणून हात आपोआप हँडलकडे गेला. ताशी 190 किलोमीटरने पडताना 1000 फूट साडेपाच-सहा सेकंदांत संपतात. 1988 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात, 800 हून जास्त उड्यांचा अनुभव असलेला एक कॅमेरामन इन्स्ट्रक्टर-विद्यार्थ्याची उडी शूट करायला विमानाबाहेर पडला, आणि पॅराशूट अंगावर चढवायचंच राहिलं होतं. तो गेला.

मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे: "टँडमला मागे छोटं पॅराशूट असतं, ते हळू आणि सरळ पडतात, त्यामुळे शूट करायला सगळ्यात सोपं."

ते छोटं पॅराशूट म्हणजे ड्रोग. दोन माणसं एका हार्नेसमध्ये ड्रोगशिवाय पडली तर वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. ड्रोग तो साधारण एकट्या माणसाच्या वेगावर, 190-200 वर आणतो. पण तो विमानातून निघताक्षणी उघडलेला नसतो. जोडी स्थिर झाली की इन्स्ट्रक्टर तो फेकतो. तेवढे काही सेकंद जोडी तुमच्यापेक्षा जास्त वेगाने निसटत असते आणि नवख्याला तिच्यामागे धावावंसं वाटतं. धावताना तो तिच्या वर येतो. तिथेच ड्रोग आणि त्याची दोरी येणार असते.

जोडीच्या वर आणखी एक गोष्ट असते, तिला बर्बल म्हणतात. ठाणे-बेलापूर रोडवर स्कूटरने कंटेनरच्या अगदी मागे गेलात की समोरचा वारा एकदम पडतो आणि गाडी पुढे ओढली जाते. पडणाऱ्या दोन माणसांच्या वर तशीच मोडलेली हवा असते. त्यात शिरलेल्याचा आधार जातो आणि तो थेट त्यांच्यावर कोसळतो. मग खाली राहावं, तर बरोबर खालची जागाही वाईट. तुमचं पॅराशूट चुकून उघडलं तर तुम्ही जागीच अडकल्यासारखे थांबता आणि वरून दोन माणसं तुमच्यावर येतात. म्हणून जागा समोर, त्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर राखून. ती जागा धरायची, तीही वजनदार जोडी, हलकी जोडी, घाबरून पाय मारणारा प्रवासी, असं सगळं सांभाळत. त्यासाठी हाताखाली पंख असलेला सूट घालतात. तोच पंख हँडलवर आला तर हँडल सापडत नाही.

साधारण 5000-5500 फुटांवर इन्स्ट्रक्टर पॅराशूट उघडतो. कॅमेऱ्यात जोडी सुर्रकन वर गेल्यासारखी दिसते. तोच सगळ्यांना हवा असलेला शॉट. खरं तर ते मंदावलेत आणि तुम्ही पडताय. 5000 फुटांवर जमीन साधारण अठ्ठावीस सेकंदांवर असते. त्यात शॉट संपवायचा, खाली आणि आजूबाजूला बघायचं, मान सरळ ठेवून स्वतःचं पॅराशूट उघडायचं. झटक्याने उघडलं आणि मान वळलेली असली तर दुखापत होऊ शकते, म्हणून कॅमेरावाले पॅराशूट हळू उघडेल अशी त्याची घडी करतात.

"इन्स्ट्रक्टर मनगटाला कॅमेरा बांधून स्वतःच शूट करतो, मग त्यात काय कसब?" हाही एक मुद्दा होता. तो इन्स्ट्रक्टर आधीच डी लायसन्सवाला, 500 उड्यांचा आणि खेळात किमान 3 वर्षं घालवलेला असतो, आणि यूएसपीएच्या हिशेबात मनगटाला कॅमेरा बांधण्याआधी त्याने 200 टँडम केलेल्या लागतात. या उदाहरणाने मेसेजचीच बाजू पडते. प्रवाशाने स्वतःच फोन धरावा ही सूचना तर कोणी मनावर घेऊ नका. सुटलेला फोन खाली कोणाच्या तरी डोक्यावर जातो.

शेवटी शीतल महाजनांचं नाव घेतलंय: "पुण्याच्या मुलीने 2004 मध्ये पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, मग आपल्याला दोनशे कशाला?" त्यांच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे, पद्मश्री त्यांना उगाच मिळाली नाही. पण त्या उडीत जोखीम त्यांची स्वतःची होती. टँडमशेजारी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याच्या हातात आणखी दोन जीव असतात, आणि त्यातल्या एकाने आयुष्यात पहिल्यांदाच विमानाचं दार उघडं बघितलेलं असतं. त्याने तुम्हाला पैसे दिलेत ते व्हिडिओचे, धडक बसण्याची जोखीम घेण्याचे नाहीत.

ज्यांना खरंच हे शिकायचंय त्यांनी लायसन्स जरूर काढावं. पहिल्या दोनशे उड्या कॅमेऱ्याशिवाय, फक्त उडायला. विंड टनेलचे (खालून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यावर तरंगायच्या बोगद्यातले) तास शरीर सांभाळायला उपयोगी पडतात, पण टनेलमध्ये पॅराशूट उघडत नाही, म्हणून ते उड्यांच्या जागी धरू नका. आणि कोणाचं हेल्मेट आधीच बांधून झालं असेल, तर रविवारी सकाळी वाशीला घेऊन या. दोरा माझ्याकडे आहे.