तोंड घरी दिसतं, रस्त्यात खडी दिसू दे

उतारावरच्या त्या वळणावर नवा डांबराचा कोट मारल्यापासून पावसात दुचाक्या घसरतात, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली, व्हिडिओ तर प्रत्येकाच्या मोबाईलवर दोनदोनदा येऊन गेलेला, त्यामुळे परवा वरच्या बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर कोणी कोणाला काही सांगायच्या भानगडीत पडलं नाही. शाणूने बसल्याबसल्या निकालच देऊन टाकला. "पोरं सुसाट हाणतात आणि आपटली की रस्त्याला नावं ठेवतात. रस्ता बघा काय केलाय, काळाकुळकुळीत, तोंड दिसेल त्यात!"

(शाणू ठेकेदाराला खडी पुरवतो. अख्ख्या फोंड्याला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.)

"तोंड घरी दिसतं," बाबलो म्हणाला. "रस्त्यात मला खडी दिसायला हवी."

बाबलो म्हणजे आमचा पायलट, विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डचा, मोटारसायकल टॅक्सीवाला. पावसात मागे गिऱ्हाईक बसवून बांबोळीपर्यंत जातो, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर चुकूनही ब्रेक लावत नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या डांबरावर चाक आणून मग लावतो. एवढं बघून चालवणारा माणूस त्या वळणावर आडवा होता होता वाचला, म्हणून त्याचं ऐकायचं.

मग मास्तर सुरू झाले. मास्तरांनी सगळी नोकरी लॅबमध्ये रस्त्याचे तुकडे तपासण्यात काढली, त्यांना आवरणं कठीण. म्हणे ग्रिप दोन गोष्टींवर असते. एक, खडीच्या अंगाची बारीक खरखर, ती हळू जाताना टायर धरते. दुसरी, खडी-खडीमधल्या फटी, त्यातून पाणी निसटतं, नाहीतर स्पीडमध्ये टायर पाण्यावरच तरंगतो. रस्त्यावर वरून कोट मारला की हे दोन्ही सुधारू शकतं किंवा दोन्ही बुडू शकतं. बारीक खडी नीट बसवली तर रस्ता चावतो, डांबर जास्त फवारलं तर मे महिन्यात ते वर येतं, खडी त्यात गडप, आणि जूनचा पहिला पाऊस पडला की धूळ, ऑईल, टायरचं रबर सगळं मिळून वर चिखलाची साय.

"डांबर कमी घातलं तर म्हणता खडी उडते, जास्त घातलं तर म्हणता घसरतं!" शाणू उसळला.

हे एक वाक्य शाणूचं बरोबर होतं. सुटी खडी झाडून न काढता रस्ता खुला केला तर तीही स्कूटरला पाडतेच. पण त्याला तिथे थांबवेना, म्हणाला, "आणि खडी काय झिजते का रे, दगड आहे तो."

"देवळाच्या तळीची पायरी बघितलीस कधी? तीही दगडच," बाबलो म्हणाला. "पण तू तळीपर्यंत कशाला येतोस, तू थेट जेवणाच्या पंगतीला."

दगडादगडात फरक, मास्तर मध्येच, चुनखडी तर लगेच गुळगुळीत होते. मोजायला पेंडुलम असतो, रबराचा तुकडा लावलेला हात ओल्या रस्त्यावरून झुलवतात, पलीकडे जेवढा वर जाईल तेवढी ग्रिप कमी. त्याचा आकडा जेवढा मोठा तेवढी ग्रिप जास्त; ब्रिटिशांच्या जुन्या शिफारशीत साध्या रस्त्याला 45 चालतं, पण तीव्र वळण, मोठा उतार, सिग्नलच्या अलीकडे 65 लागतं. ग्रिप निम्मी झाली की ब्रेक मारल्यावर गाडी दुप्पट लांब जाते, 14 मीटरवर थांबणारी 28 वर.

"आपल्या वळणावर किती आलं?"

"मोजलं कोणी?"

"मी मोजलं," बाबलो म्हणाला, "गुडघ्याने."

मास्तरांचं चालूच. परदेशात अशा वळणांवर इपॉक्सीचा घट्ट गोंद ओतून वर भाजलेलं बॉक्साईट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, पेरतात, ते लवकर झिजत नाही. बॉक्साईट म्हटल्यावर दत्ता जागा झाला, "आपल्या बेतूलकडचं काय रे?" ती जात वेगळी, आधी भट्टीत भाजावं लागतं वगैरे मास्तर सांगेपर्यंत शाणूचे डोळे चमकले. "मी आणून देतो! रेट बोला!"

इथे चर्चेचं वाटोळं झालं. दत्ताने जत्रेतल्या जुन्या नाटकाची आठवण काढली. शाणू राजा, स्टेजच्या फळ्या त्याच्याच काकाने आदल्या रात्री रंगवलेल्या, पेटी लागली, महाराजांनी पहिलं पाऊल टाकलं आणि मुकुटासकट थेट पेटीवाल्याच्या मांडीत. पेटीवाल्याने सूर सोडला नाही, हे आजही गावात सांगतात.

"तेव्हाही पोरं सुसाट होती का रे?" बाबलोने विचारलं.

शाणू म्हणाला धोतर लांब होतं. मास्तरांना चहा नाकात गेला, दत्ता कट्ट्यावरून खाली बसला, भजीवाला झारा हातात घेऊन बाहेर आला काय झालं बघायला, आणि शाणू आपला त्या सगळ्यांना बोट दाखवून ओरडतोय, "लांब होतं! विचारा कोणालाही, वीतभर लांब होतं!"