प्रतिक्रियेला उत्तर: मर्यादा वाढवली, तरी फाइल का अडकते?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोठ्या फाइल्सच्या अपलोडवरचा माझा लेख वाचून तुम्ही एनजिनएक्स (ब्राउझरची विनंती आधी घेणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी (त्यामागे साइटचा कोड चालवणारा भाग), दोन्हीकडची फाइलच्या आकाराची मर्यादा ५ जीबी केलीत. तरी दीड जीबीचा व्हिडिओ १०० टक्क्यांवर जाऊन मिनिटभर थांबतो आणि ५०४ हा एरर कोड येतो. ‘अर्धवट माहिती देऊन लोकांचे दिवस वाया घालवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग रास्त आहे. कोणती मर्यादा कुठे बदलायची ते मी सांगितलं, पण नकार नेमका कोणी दिला हे कसं ओळखायचं, ते त्याआधी यायला हवं होतं. ही चूक माझी.

तुमच्याकडे आता आकाराचा प्रश्न उरलेला नाही. एनजिनएक्सने आकारावरून अडवलं असतं तर ४१३, म्हणजे ‘विनंती फार मोठी’ हा कोड, आला असता. ५०४ म्हणजे एनजिनएक्सने पीएचपीच्या उत्तराची वाट पाहिली आणि मुदत संपली. ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. तुमचं ‘मिनिटभर’ तिथलं आहे. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदींच्या फाइलमध्ये) त्याच वेळेला ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ अशी ओळ सापडेल.

मग १०० टक्के का दिसतात? ब्राउझरमधली पट्टी फक्त ब्राउझरमधून बाहेर पडलेले बाइट्स मोजते. पुढे काय घडतं ते तिला कळत नाही. एनजिनएक्स आधी आख्खी फाइल स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरात लिहून घेतो आणि मगच पीएचपीकडे सोपवतो. पीएचपी ती पुन्हा आपल्या टेम्प फोल्डरात उतरवून घेतो. त्यानंतर तुमचा कोड ती अ‍ॅमेझॉन एस-थ्री या फाइल-साठवणीच्या सेवेवर पाठवतो. म्हणजे पट्टी भरली तरी फाइलचे दोन प्रवास बाकीच असतात, आणि दीड जीबीच्या एका व्हिडिओसाठी सर्व्हरवर काही काळ तीन जीबी जागा अडते. एकाच वेळी चार जणांनी अपलोड सुरू केलं तर डिस्क भरायला वेळ लागत नाही. त्या फोल्डरांची मोकळी जागा आजच बघून घ्या.

मुदत ३०० सेकंद केलीत तर आजचं काम भागेल. पण एस-थ्रीवर पाठवण्याचं काम त्या विनंतीतून बाहेर काढा. फाइल मिळाली की लगेच उत्तर द्या, उरलेलं मागे सावकाश होणाऱ्या कामांच्या रांगेत टाका.

‘तुकडे करून पाठवणं ही उगाच डोकेदुखी आहे’, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. १० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने दीड जीबी जायला, सगळं सुरळीत चाललं तरी, २० मिनिटं लागतात. मोबाइलवरच्या माणसाचं नेटवर्क तेवढ्या वेळात एकदा तरी तुटणार, आणि सलग अपलोडमध्ये १९व्या मिनिटाला तुटलं तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात. एका नाट्यसंस्थेसाठी मी असंच पान बनवलं होतं. गावाकडचे एक काका प्रयोगाचं रेकॉर्डिंग रात्रभर पुन्हा पुन्हा चढवत बसले होते. दोष त्यांच्या इंटरनेटचा नव्हता, माझ्या रचनेचा होता. एस-थ्रीमध्ये मल्टिपार्ट अपलोडची सोय आहे: शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा, जास्तीत जास्त १०,००० तुकडे. ब्राउझरला सही केलेले (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणारे) दुवे दिले की तुकडे थेट तिकडे जातात, तुमच्या सर्व्हरवर भार येत नाही, आणि पडलेला तुकडा तेवढाच पुन्हा पाठवता येतो.

आणखी एक, आणि हे तातडीचं आहे. ५ जीबीची मर्यादा तुम्ही पूर्ण साइटला लावली आहे. म्हणजे संपर्काच्या फॉर्मवरही कोणीही ५ जीबी ओतू शकतो. ती फक्त अपलोडच्या लोकेशन ब्लॉकमध्ये (एनजिनएक्सच्या सेटिंग्जमधल्या त्या एका पत्त्यापुरत्या भागात) ठेवा, बाकी सगळीकडे मूळची १ एमबी राहू द्या.

खालच्या एका वाचकाला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘कॉर्स’ची (एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायचं की नाही, त्या नियमाची) चूक दिसते आहे, तीही फक्त मोठ्या फाइलला. त्यांनी कॉर्सची सेटिंग्ज उलटीपालटी करू नयेत. एनजिनएक्स ४१३ देतो तेव्हा ‘अ‍ॅड हेडर’च्या ओळीत ‘ऑल्वेज’ नसेल तर कॉर्सचे हेडर जोडले जात नाहीत, आणि खरं कारण ब्राउझरमध्ये झाकलं जातं. साइट क्लाउडफ्लेअरच्या (तुमच्या सर्व्हरच्या पुढे बसणाऱ्या मध्यस्थ सेवेच्या) मोफत योजनेमागे असेल तर १०० एमबीच्या वरची विनंती तिथेच अडते, तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये तिची नोंदही नसते.

मूळ लेखात लॉग वाचण्याचा भाग आज सगळ्यात वर घालतो आहे. मुदत वाढवूनही ५०४ आलाच, तर एरर लॉगमधली ती ओळ आणि डिस्कची मोकळी जागा इथे टाका. आयपी पत्ते तेवढे पुसून टाका.